त्या क्षणाच्या अलीकडे आणि पलीकडे
शेतकरी आत्महत्या आणि विदर्भातील लेखन

‘नापिकी आणि कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या.’ नागपूर-अमरावतीकडची वर्तमानपत्रे गेली वीस-पंचवीस वर्षे नेमाने वाचणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ आहे. गाव बदलते, तालुका बदलतो, वय बदलते. वाक्य बदलत नाही. अशी कात्रणे मी एका वहीत चिकटवत आलो. सुरुवातीला हेतू आकडे जमवण्याचा होता. आकडे सरकारकडे आणि चळवळीतल्या लोकांकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत हे पुढे कळले, तेव्हा मी त्या वाक्याकडेच पाहू लागलो. विशेषतः ‘कंटाळून’ या शब्दाकडे.

मराठीत माणूस कशाला कंटाळतो? रोजच्या त्याच भाजीला, पावसाच्या रिपरिपीला, शेजाऱ्याच्या बडबडीला. पोरगा अभ्यासाला कंटाळतो. ज्याला कंटाळा आला त्याने जरा दम धरायला हवा होता, असे या शब्दाच्या पोटात दडलेले असते. म्हणजे वरकरणी कर्जाला दोष देणारे हे वाक्य प्रत्यक्षात मरणाऱ्याच्या सहनशक्तीकडे बोट दाखवते. शिवाय त्यात कर्ता एकच आहे, आणि तो आता नाही. कर्ज कुणी दिले, भाव कुणी पाडला, बियाणे कुणी विकले, वीज कुणी तोडली, यांपैकी कुणीही त्या वाक्यात येत नाही. बातमीदाराचा यात दोष नाही. त्याच्याकडे चार ओळींची जागा आणि रात्रीची मुदत असते. पण ज्यांच्याकडे जागाही होती आणि वेळही, त्या लेखकांनी या वाक्याचे काय केले? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

बातमीच्या जोडीला आणखी एक साचा आला, तो शासनाचा. २००५-०६ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत ठरली : तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. मदत मिळण्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा ही कारणे पाहिली जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण तपासते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा देते. सातबारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचे की खासगी सावकाराचे, तगाद्याची नोटीस आहे की नाही, यावर एका मरणाचा प्रकार ठरतो. घरात मयत झाल्यावर आठ दिवसांच्या आत विधवेला पेटी उघडून कागद शोधावे लागतात. हा व्यवहार कितीही अपरिहार्य माना, त्याने एक कथानक तयार केले : आधी नापिकी, मग कर्ज, मग तगादा, मग शेवट. बातमीने वाक्य दिले, शासन निर्णयाने कथानक दिले. विदर्भातल्या गेल्या पाव शतकातील या विषयावरच्या लेखनाचा मोठा भाग, विशेषतः कविता, या तयार वाक्याला यमक जोडत आणि तयार कथानकात माणसे बसवत लिहिला गेला आहे.

हे मी दुरून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात काव्यवाचन स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. निम्म्याहून अधिक कविता याच विषयावर होत्या. एका मुलाने शेवटच्या कडव्याला बापाचे मरण अंगाभिनयाने करून दाखवले. सभागृहात टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. पहिले बक्षीस आम्ही त्याच मुलाला दिले. गुणपत्रिकेवर माझीही सही आहे. चहाच्या वेळी तिथल्या एका प्राध्यापकांनी मला हळू आवाजात सांगितले, की त्या मुलीच्या घरी दोन वर्षांपूर्वी तसे झाले आहे. कविता करणारा मुलगा तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचा होता. त्याची तळमळ खोटी नव्हती. पण त्याने जे दाखवले ते कुणाला दाखवले आणि कुणासमोर, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मलाही तो तोवर पडला नव्हता.

एक मौन आणि एक अवघड शब्द

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येची जाहीर नोंद सामान्यतः साहेबराव करपे यांच्यापासून सुरू केली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे हे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. २०१७ पासून अमर हबीब यांच्या पुढाकाराने दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग केला जातो. या दिवसाला सार्वजनिक स्मरणात जागा मिळाली ती घटनेनंतर तीस वर्षांनी.

मधल्या काळात साहित्य काय करत होते? ऐंशीचे दशक शेतकरी संघटनेचे होते. रस्त्यावरचा शेतकरी भाषणांत, गाण्यांत, लेखांत दिसत होता; तो लढणारा शेतकरी होता. चिलगव्हाणचे घर त्या चित्रात बसत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कापूसपट्ट्यातून एकामागून एक बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ‘शेतकरी आत्महत्या’ हा जोडशब्द रूढ झाला. शब्द रूढ झाल्यावर लेखन आले.

करपे कुटुंबाविषयी बोलताना आपण अजूनही एक गोष्ट टाळतो. मोठ्या माणसाच्या मृत्यूला आत्महत्या म्हणता येते. लहान मुलांच्या मृत्यूला म्हणता येत नाही. सहा मरणे एका नावाखाली आणि एका शब्दाखाली नोंदली गेली. साहेबरावांविषयी कणव वाटत असतानाही हा शब्द त्या मुलांना पुरत नाही, हे म्हणायला जड जाते. पण अवघड विषयावर लिहिणाऱ्याची परीक्षा नेमकी इथे असते. ज्याच्या बाजूने आपण उभे आहोत त्याच्या बाबतीतही नेमका शब्द वापरायचा की नाही? स्मरणदिनाच्या भाषणाला ‘पहिली शेतकरी आत्महत्या’ हा शब्दप्रयोग पुरतो. कादंबरीला तो पुरू नये. त्या घरावर मराठीत तशी कादंबरी झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

‘धग’चा धडा

या विषयासाठी विदर्भाकडे पूर्वपरंपरा नव्हती असे म्हणता येत नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिक ही त्या कादंबरीची नायिका. घर शिंप्याचे, शेतकऱ्याचे नव्हे. नवरा महादेव संसाराला न पुरणारा. संसार उभा करण्यासाठी कौतिक जे जे करते ते सगळे एकेक करून हातचे जाते. या कादंबरीत दारिद्र्य हा विषय म्हणून कुठे येत नाही. ते घरातल्या पिठाच्या मापातून, उसनवारीतून, भावजयीच्या बोलण्यातून येते. शेळके कौतिकची बाजू घेऊन एकदाही भाषण करत नाहीत. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसे वऱ्हाडीत, ही त्यांची योजना पुढे अनेकांनी उचलली. पण त्या योजनेतला संयम फार थोड्यांनी उचलला.

‘धग’चा धडा असा, की दुःखाचा हिशेब मांडला तर दुःखाचे वर्णन करावे लागत नाही. किती आले, किती गेले, कुणाचे द्यायचे राहिले, हे नीट सांगितले की वाचकाचा गळा आपोआप दाटतो. उलट लेखकानेच गळा काढला, तर वाचकाला रडायला जागा उरत नाही.

वऱ्हाडीचा मुद्दा इथेच उरकतो. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीने वऱ्हाडी बोली बराच काळ हशा मिळवण्यासाठी वापरली. पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’ने (१९८७) त्या हशालाच आतून धार लावली, हसता हसता गावाचे वाभाडे काढले. आत्महत्येच्या लेखनात वऱ्हाडी पुन्हा एकाच कामाला जुंपली गेली, या वेळी रडवण्याच्या. ज्या बोलीत माणसे शिव्या देतात, लाड करतात, भाव ठरवतात, सोयरीक जुळवतात आणि खोटेही बोलतात, तिला फक्त हुंदका देणे म्हणजे तिचा आवाका कमी करणे होय.

अलीकडचे : ‘बारोमास’

सदानंद देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांची ‘बारोमास’ २००२ मध्ये आली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या वाढत असतानाच ही कादंबरी वाचली गेली, म्हणून तिच्यावर ‘शेतकरी आत्महत्येची कादंबरी’ असा शिक्का बसला. तो पुरता बरोबर नाही, आणि नाही यातच तिचे मोल आहे.

शीर्षकच पाहा. बारोमास म्हणजे बारा महिने, वर्षभर. बातमीला एक दिवस लागतो, ही कादंबरी वर्षाचा हिशेब मागते. नायक एकनाथ शिकलेला आहे. शिक्षणसंस्थेत नोकरीसाठी लागणारा पैसा घराकडे नाही, म्हणून तो शेतीत आहे. नोकरदार नवरा मिळेल या आशेवर लग्न करून आलेली अलका त्याची बायको आहे. तिची चिडचिड, तिचा अपेक्षाभंग लेखकाने खलनायिकेचा म्हणून रंगवलेला नाही. वाचकाला एकनाथचा राग कळतो आणि अलकाचाही. दुबळ्या लेखनात शेतकऱ्याचे घर एकसंध असते आणि संकट बाहेरून येते. ‘बारोमास’मध्ये बाहेरचे संकट घरातल्या माणसांच्या बोलण्यातून आत शिरते. बाजारातला भाव पडतो तेव्हा आवाज नवरा-बायकोत चढतो.

अशा लेखनाला राजकीय धार कमी असते असे काही समीक्षक मानतात. मला उलट वाटते. शासन निर्णयातली तीन कारणे एका रेषेत आहेत. ‘बारोमास’ दाखवते की कारणे रेषेत नसतात, ती एकमेकांत गुंतलेली असतात. मुलाच्या शिक्षणावरचा खर्च, बहिणीचे लग्न, भावाची वाट चुकणे, बायकोचे माहेरी जाणे यांना समितीच्या नमुन्यात रकाना नाही. समिती ज्याला ‘घरगुती कारण’ म्हणून अपात्र ठरवील ते शेतीचेच कारण आहे, हे कादंबरी एकही घोषणा न देता सिद्ध करते. यापेक्षा अधिक राजकीय विधान कोणते?

उंबरठ्यावरचा पहारा : ‘गाभ्रीचा पाऊस’

२००९ मधला सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट या चर्चेत घ्यायलाच हवा, कारण त्याने कथेचे टोकच फिरवले. गावात एका शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे. त्या धास्तीने किसनाच्या बायकोला, योगायोगाने तिचेही नाव अलकाच, आपला नवराही तसे काही करील असा संशय येतो. ती मुलाला त्याच्या मागे मागे पाठवते, त्याला गोडधोड करून घालते, त्याचा मूड सांभाळते. किसनाला या पहाऱ्याचा अर्थ कळत नाही. तो आपला पेरणीच्या आणि पावसाच्या विवंचनेत.

इथे हसू येते, आणि ते येऊ देण्याचे धाडस दिग्दर्शकाने केले. शीर्षकातली वऱ्हाडी शिवीही तशीच आहे, चिडलेली आणि जवळिकीची. पण हसू ओसरल्यावर लक्षात येते, की या विषयावरच्या ढीगभर लेखनात जे सुटले होते ते इथे सापडले : भीतीखाली रोज जगणारी बाई. मरण एकदा येते. ते येईल ही भीती सकाळ-संध्याकाळ घरात असते. गावात एक घटना घडली की बाकीच्या घरांतल्या बायका काय करतात हे कोणत्याही पंचनाम्यात येणार नाही. ते कल्पनेनेच, म्हणजे साहित्याच्या हत्यारानेच, हाती लागते.

पलीकडचे : ‘तेरवं’ आणि यवतमाळचे व्यासपीठ

श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले ‘तेरवं’ हे नाटक तेराव्या दिवसाचे नाव घेऊन पुढे जाते. तेरावा झाला की पाहुणे परततात, पुढाऱ्यांच्या गाड्या थांबतात, बातमी शिळी होते. बाईचे खरे दिवस तिथून सुरू होतात. या नाटकात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या.

समीक्षकासाठी हे अवघड प्रकरण आहे. जिने भोगले तीच समोर उभी असताना तिच्या अभिनयाविषयी काय बोलायचे? बहुतेकांनी काहीच न बोलणे पसंत केले. उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले. मला ही दाद अपुरी वाटते. त्या बायांनी संवाद पाठ केले, हालचाली बसवल्या, आवाज फेकायला शिकल्या, दौरे केले. हे काम आहे. फक्त ‘सच्चेपणा’ची स्तुती करताना आपण त्यांच्याकडून कलावंतपण काढून घेतो आणि पुन्हा पीडितपण त्यांच्या हाती देतो. नाटकाने त्यांना जे दिले ते प्रेक्षकांनी परत घेऊ नये.

याच नाटकातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. प्रसंग सर्वांना आठवत असेल. उद्घाटक म्हणून आधी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा विरोध झाला, संमेलन उधळण्याच्या धमक्या आल्या आणि निमंत्रण मागे घेतले गेले. महामंडळाचे कार्यालय त्या वेळी आमच्या नागपुरात होते. अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत येऊन हातोहात वाटले गेले, आणि उद्घाटनाच्या मांडवात काही जणी त्यांचा मुखवटा लावून बसल्या.

यात मला एक जुनी युक्ती दिसते. एका वादग्रस्त विषयावर पडदा टाकायला दुसरा, अधिक हळवा विषय पुढे करायचा. शेतकऱ्याच्या विधवेच्या उद्घाटक असण्यावर कोण आक्षेप घेणार? अभिव्यक्तीचा प्रश्न विचारणारा माणूस तिचा अवमान करणारा ठरतो. म्हणजे तिचा मान करताना तिची ढालही केली गेली. हा दोष व्यवस्थेचा. येडे यांनी मात्र मिळालेल्या जागेचा स्वतःसाठी उपयोग केला. अडीअडचणीत दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे गाजले. काहींना तो सहगलांना टोमणा वाटला. मी ते वेगळ्या रीतीने ऐकतो. ज्या बाईला आजवर सगळ्यांनी विषय म्हणून वापरले, ती आपल्या जागेचा पत्ता सांगत होती. मांडवात दोन स्त्रिया होत्या. एक मुखवट्याच्या रूपाने आणि एक प्रत्यक्ष. दोघींनाही तिथे आपापले बोलू देणारे संमेलन आपल्याला भरवता आले नाही, ही हार आपली.

परतलेला माणूस

नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांचे ‘रामराव’ हे पुस्तक २०२१ मध्ये इंग्रजीत आले. यवतमाळ जिल्ह्यातील हिवरा बारसा येथील रामराव पंचलेनीवार यांनी २०१४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केला आणि ते वाचले. हर्डीकर पुढे कित्येक वर्षे त्यांच्याकडे जात राहिले.

या पुस्तकाचे महत्त्व निवडीत आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवे ते घालता येते. तो हरकत घेत नाही. वाचलेला माणूस हरकत घेतो. तो दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा शेतात जातो, पुन्हा कर्ज काढतो, हसतो, आणि आपल्या सिद्धांतात नीट बसत नाही. चळवळीच्या पोस्टरला आणि सरकारच्या फायलीला, दोघांनाही तो गैरसोयीचा आहे. फायलीत तर त्याला रकानाच नाही, कारण तो मेला नाही. असा माणूस आधी मराठी कादंबरीला का सापडला नाही, हे मला सलते. कदाचित आम्हाला शेवट हवा होता. रामराव शेवटाला नकार देतात.

एक आक्षेप

आतापर्यंत ज्या कृतींना मी चांगले म्हटले त्यांत एक साम्य आहे. ‘बारोमास’ त्या क्षणाच्या अलीकडचे वर्षभर लिहिते. ‘गाभ्रीचा पाऊस’ उंबरठ्यावर पहारा देतो. ‘तेरवं’ तेराव्यानंतर सुरू होते. ‘रामराव’ परत आलेल्याची कथा आहे. बळ कुणीही त्या क्षणावर खर्च केलेले नाही.

यावर रास्त आक्षेप आहे. नजर वळवणे हा सुखवस्तू मराठी साहित्याचा जुना रोगच नव्हता का? बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने (१९६३) मराठी वाचकाला मान वळवू दिली नाही, म्हणून तर ते पुस्तक युगप्रवर्तक ठरले. आमच्या नागपूरच्या दलित कवींनीही हेच शिकवले, की अत्याचाराचे सौम्य वर्णन म्हणजे अत्याचाऱ्याला मदत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली, आणि घटना सूडाची म्हणूनच पाहिली गेली. जिथे कागदावर जात पुसली जात होती तिथे तपशील सांगणे हेच लेखकाचे काम होते. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्यांनी ते केले. मग शेतकऱ्याच्या बाबतीत वेगळा न्याय का?

याचे उत्तर शोधायला मला बराच काळ लागला. खैरलांजीत त्या क्षणी मारणारे हजर होते. तिथून नजर वळवली तर गुन्हेगार सुटतो. आत्महत्येच्या क्षणी माणूस एकटा असतो. आपण त्या क्षणावर प्रकाशझोत टाकला, तर दिसतो फक्त तो. ज्यांनी त्याला तिथवर आणले ते सगळे त्या प्रकाशाच्या बाहेर, आधीच्या महिन्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत, बाजार समितीत आणि कधी शेजारच्या घरातही असतात. म्हणजे एकाच नीतीने दोन वेगळी तंत्रे मागितली आहेत. हत्येच्या लेखनात क्षण दाखवणे म्हणजे जबाबदार दाखवणे. आत्महत्येच्या लेखनात क्षण दाखवणे म्हणजे जबाबदार झाकणे. त्या मुलाच्या अंगाभिनयात नेमके हेच झाले होते. शिवाय ऐकणाऱ्यांत त्याच उंबरठ्यावर उभा असलेला कुणी असू शकतो. आत्महत्येचे वर्णन रीतीसह करू नये, असे मानसोपचारतज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगत आल्या आहेत. कवीला त्यातून सूट आहे असे मानायला मला कारण दिसत नाही.

जे अजून लिहिले गेले नाही

चांगल्या कृतींचीही एक मर्यादा नोंदवायला हवी. या साहित्यातला शेतकरी बहुधा सातबारावाला पुरुष आहे. शासनाच्या व्याख्येवर टीका करणाऱ्या लेखकांनी ती व्याख्या नकळत स्वीकारली आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, ज्यात दलित आणि आदिवासी मोठ्या संख्येने आहेत, मेला तर तो ‘शेतकरी आत्महत्या’ होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतमजुरांच्या आत्महत्या २०१४ पासून वेगळ्या दाखवायला सुरुवात केली. साहित्याने अजून केलेली नाही. निंदण, वेचणी, सगळे करणारी बाई जीव देते तेव्हा तिच्या नावावर जमीन नसल्याने तीही शेतकरी नसते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता. त्या सातबाऱ्यांचे पुढे काय झाले, ही एका मोठ्या कादंबरीची सामग्री आहे.

सावकारही अजून नीट लिहिला गेलेला नाही. तो मिशीवाला शेठजी म्हणूनच येतो. आजचा सावकार पुष्कळदा गावातलाच, नात्यातला, कृषी केंद्राचा मालक किंवा नोकरदार असतो, आणि तेराव्याला पंगतीतही असतो. त्याला माणूस म्हणून लिहायचे धाडस ज्याच्याकडे असेल तो या विषयाला पुढे नेईल. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. ‘पॅकेज’ हा शब्द तेव्हापासून वऱ्हाडीत रुळला आणि टिंगलीचा झाला. त्या शब्दाच्या प्रवासावरही कुणी विनोदी कादंबरी लिहिलेली मला हवी आहे.

परवा जुनी कात्रणवही चाळताना तिच्यातले एक पान पाहिले. मी त्यावर फक्त ‘कंटाळून’ या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. गाव आणि नाव वाचल्याचे मला आठवत नव्हते. म्हणजे शब्दाचा अभ्यास करता करता मीही माणूस ओलांडून गेलो होतो. त्या पानावर मी आता नाव, गाव आणि मागे राहिलेल्यांची संख्या शाईने लिहून ठेवली आहे. बाकीची पाने करायची आहेत. आणि पुढच्या वेळी कुठे परीक्षक म्हणून गेलो, तर कविता ऐकताना मंचाकडे पाहण्याआधी मी तिसऱ्या रांगेकडे पाहीन.